स्थूल मुलांचा हक्क आणि जमातीची जबाबदारी

सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना तीन गोष्टींपासून रोखले आहे. कोणत्याही गटाने दुसऱ्या गटाची थट्टा करू नये, कारण ज्यांची थट्टा होते ते थट्टा करणाऱ्यांपेक्षा श्रेष्ठ असू शकतात. एकमेकांना दूषणे देऊ नयेत. आणि एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये. स्त्रियांचा उल्लेख या आयतीत वेगळा करण्यात आला आहे, म्हणजे कोणी या आज्ञेतून स्वतःला वगळू नये. आयतीच्या अखेरीस असे वागून जे तौबा करीत नाहीत, त्यांना जालीम म्हटले आहे. ही आयत आपण अनेकदा ऐकली आहे. मात्र आपल्या मकतबात, गल्लीत आणि घराच्या ओट्यावर एखाद्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाऐवजी ‘मोटू’, ‘ढोल्या’ किंवा ‘हत्ती’ म्हणून हाक मारली जाते, तेव्हा ही आयत आपल्याला आठवते काय?

बंधू-भगिनींनो, आजचा विषय आहे स्थूलतेने ग्रासलेली मुले, आणि त्यांतही गरीब घरांतील मुले. हा विषय डॉक्टरांचा आहे, मस्जिदीचा नाही, असे काहींना वाटेल. औषधोपचार हा डॉक्टरांचाच अधिकार आहे यात शंका नाही. परंतु शेजाऱ्याचा हक्क, सदक्याची रीत, जिभेचा संयम आणि मुलांचे संगोपन हे प्रश्न दीनचे आहेत, आणि गरीब घरातील स्थूल मूल या चारही प्रश्नांच्या मधोमध उभे असते.

गरिबीचे नवे रूप

भूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बरगड्या दिसणारे मूल येते. अशी मुले आजही आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35 टक्क्यांहून अधिक मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. परंतु त्याच सर्वेक्षणात दुसरी एक नोंद आहे. याच वयोगटातील अतिवजनी मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 1.9 टक्के होते, ते 4.1 टक्क्यांवर गेले. एकाच राज्यात, एकाच वेळी, दोन्ही संकटे वाढत्या पिढीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. जगाचे चित्रही वेगळे नाही. युनिसेफने सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केले की, शाळकरी वयाच्या मुलांमध्ये स्थूलतेचे प्रमाण प्रथमच कमी वजनाच्या प्रमाणापेक्षा पुढे गेले आहे; स्थूलता 9.4 टक्के, तर कमी वजन 9.2 टक्के.

आपण जेथे राहतो त्या वाशीकडेच पाहू. वाशी-तुर्भे परिसरात कृषी उत्पन्न बाजार समितीचे पाच बाजार आहेत : कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य. देशातील मोठ्या घाऊक बाजारांत त्यांची गणना होते. रात्रभर मालमोटारी येतात, पहाटेपूर्वी गाळे उघडतात, आणि साऱ्या मुंबईच्या ताटातली भाजी-फळे येथून पुढे जातात. त्या गोण्या आणि पेट्या ज्यांच्या पाठीवरून उतरतात, त्या माथाडी कामगारांची, पाटीवाल्यांची आणि टेम्पोचालकांची मुले जवळच्याच खोल्यांत वाढतात. त्यांच्या बापाने रात्रभर डाळिंबाच्या पेट्या वाहिलेल्या असतात, आणि सकाळी शाळेला निघताना मुलाच्या हातात पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट असते.

असे एक घर मनाशी उभे करा. हे कोणा एका कुटुंबाचे वर्णन नाही. अनेक घरांतील गोष्टी येथे एकत्र केल्या आहेत. वडील रात्री बाजारात असतात आणि दिवसा झोपतात. आई तीन घरची धुणीभांडी करून दुपारी परतते. खोली एकच, म्हणून वडिलांची झोप मोडू नये यासाठी मुलाला गप्प बसवायचे असते. त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. गल्लीत वाहने उभी, मैदान मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि एकट्याला तो रस्ता ओलांडू द्यायला आई धजावत नाही. सकाळी साखरेचा चहा आणि खारी, दुपारी भात आणि तिखट रस्सा, संध्याकाळी वडापाव किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवरील चायनीज. रात्री वडील कामाला निघेपर्यंत दिवा चालू, म्हणून झोप उशिरा. दहा रुपयांत पोट भरेल असे तळलेले आणि गोड खूप मिळते. दहा रुपयांत पोट भरेल एवढी फळे मिळत नाहीत.

या घरात आळशी कोण आहे? खादाड कोण आहे? आई आणि बाप दोघेही घाम गाळतात. मूल जे समोर येते ते खाते. त्याच्या ताटात पोट भरण्याची सोय आहे, शरीर घडविण्याची नाही. म्हणून त्याचे वजन वाढते आणि त्याच वेळी त्याच्या रक्तात लोहाची उणीवही असू शकते. आपण मात्र त्याच्याकडे पाहून म्हणतो, ‘खात्यापित्या घरचा दिसतो!’ या एका वाक्याने त्याची गरज आपल्या नजरेतून नाहीशी होते. रमजानमध्ये शिधा वाटणाऱ्यांची नजरही त्याच्यावरून पुढे सरकते.

जन्माआधीची कहाणी

आपल्याच राज्यातील एका संशोधनाची येथे ओळख करून देणे आवश्यक वाटते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. त्या शेतकरी कुटुंबांतील बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे साडेतीन किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त अशी ही शरीररचना आहे. गर्भात असताना ज्या बाळाला पुरेसे पोषण मिळाले नाही, त्याचे शरीर पुढे थोड्याशा जादा अन्नानेही चरबी साठवू लागते, आणि मधुमेहाचा धोका लहान वयातच वाढतो, ही गोष्ट या अभ्यासामुळे जगापुढे आली.

याचा अर्थ लक्षात घ्या. आज जे मूल आपल्याला जाड दिसते, त्याच्या शरीराची घडण त्याच्या आईच्या उपाशीपणात झालेली असू शकते. आई गरोदर असताना तिच्या ताटात डाळ नव्हती, दूध नव्हते. आणि आज तिच्या मुलाच्या ताटात साखर व तेल आहे. दोन्ही वेळी उणीव एकच होती. मग त्या मुलाला ‘कमी खा’ असे दरडावणारा माणूस कोणत्या गुन्ह्याची शिक्षा कोणाला देत असतो? शिवाय काही मुलांमध्ये ग्रंथींचे विकार, आनुवंशिक कारणे किंवा दीर्घकाळ घ्यावी लागलेली औषधे यांमुळेही वजन वाढते. बाहेरून पाहून निवाडा करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

शरीराची थट्टा आणि प्रेषितांचे (स.) वर्तन

एकदा अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) झाडावर चढले असता वाऱ्याने त्यांचे वस्त्र सरकले आणि त्यांच्या काटकुळ्या पोटऱ्या पाहून लोक हसले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या हसण्याचे कारण विचारले आणि सांगितले की, हेच पाय अल्लाहच्या तराजूत उहुद पर्वताहून जड भरतील. दुसऱ्या प्रसंगी हजरत आयेशा (रजि.) यांनी हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना बजावले की, हा शब्द समुद्राच्या पाण्यात मिसळला तर तेही गढूळ होईल. आपल्या अत्यंत प्रिय पत्नीचाही असा एक शब्द त्यांनी चालू दिला नाही. मग वर्गात सर्वांसमोर मुलाच्या पोटाला बोट लावून हसणाऱ्या उस्तादाला कोण चालवून घेईल?

काही जण एका हदीसचा आधार घेतात. सही बुखारीत उल्लेख आहे की, कियामतच्या दिवशी एक अवाढव्य देहाचा माणूस आणला जाईल आणि अल्लाहपाशी त्याचे वजन डासाच्या पंखाएवढेही भरणार नाही. परंतु त्याच हदीसमध्ये सूरह अल-कहफच्या 105 व्या आयतीकडे निर्देश आहे, आणि ती आयत आपल्या पालनकर्त्याच्या निशाण्या नाकारणाऱ्यांविषयी आहे. जगात ज्याचा रुबाब मोठा होता पण ज्याच्याजवळ ईमान नव्हते, अशा माणसाची ती गोष्ट आहे. ती एखाद्या आठ वर्षांच्या मुलाच्या कंबरेवर लागू करणे म्हणजे हदीसवर अन्याय आणि मुलावरही अन्याय. इब्ने मसऊद (रजि.) यांचा प्रसंग आणि ही हदीस एकत्र वाचल्या तर धडा स्पष्ट होतो : त्या तराजूत मांस मोजले जात नाही.

वजन वाढलेल्या माणसाशी कसे वागावे, याचाही एक सुंदर नमुना सुन्नतमध्ये आहे. एका प्रवासात प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांच्या अंगावर मांस चढले असताना, पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित (स.) जिंकले. ते हसून म्हणाले की, ही त्या पहिल्या शर्यतीची परतफेड. या प्रसंगात उपदेश नाही, टोमणा नाही, वजनाचा उल्लेखही प्रेषितांच्या (स.) तोंडी नाही. तेथे सोबत धावणे आहे. ज्यांना आपल्या मुलांनी हालचाल करावी असे वाटते, त्यांनी ही हदीस वाचावी आणि स्वतः चपला घालून मुलाबरोबर घराबाहेर पडावे.

दोष कोणावर ठेवावा?

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतकाळातील एक घटना इब्ने सअद यांनी नोंदविली आहे. मदीनेबाहेर एक तांडा उतरला होता. उमर (रजि.) आणि अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) रात्री पहाऱ्यावर होते. एका बाळाचे रडणे ऐकून उमर (रजि.) यांनी त्याच्या आईला दोन-तीन वेळा समजावले. शेवटी ते रागावले, तेव्हा त्या स्त्रीने, समोर कोण आहे हे न ओळखता, सांगितले की, उमर फक्त दूध सुटलेल्या मुलांनाच वृत्ती देतात, म्हणून मी याचे दूध लवकर तोडते आहे. त्या पहाटेच्या नमाजमध्ये उमर (रजि.) इतके रडले की त्यांचे पठण लोकांना नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी घोषणा करविली की, मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका. यापुढे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला वृत्ती मिळेल.

खलीफा त्या आईला निष्काळजी ठरवू शकले असते. तिचे बाळ तिच्याच कृतीने रडत होते. परंतु त्या कृतीमागे व्यवस्थेचा एक नियम उभा आहे हे कळताच त्यांनी आईला सोडले आणि नियम बदलला. आजच्या विषयाचा सारा निचोड या घटनेत आहे. गरीब आईला दोष देणे सोपे आहे आणि त्याला खर्च लागत नाही. आपण ज्या परिस्थितीचे भाग आहोत ती बदलणे कठीण आहे. जमातीने हे कठीण काम हाती घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आपला सदका आणि त्याचा दर्जा

सूरह अल-बकरहच्या 267 व्या आयतीत अल्लाहने ताकीद दिली आहे की, जी वस्तू स्वतः घेताना आपण डोळे मिटून घेऊ अशी हलकी वस्तू त्याच्या मार्गात देऊ नये. सूरह आले-इमरानच्या 92 व्या आयतीत तर सांगितले आहे की, आपल्याला प्रिय असलेल्यातून खर्च केल्याशिवाय नेकी साधत नाही. या कसोटीवर आपण वाटत असलेल्या शिध्याच्या पिशवीकडे पाहावे. पाच किलो साखर, मैदा, शेवया, वनस्पती तूप, सर्वांत स्वस्त तेल, बिस्किटांचे पुडे आणि सरबताची बाटली. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. परंतु स्वतःच्या घरी आपण आता तेल मोजून वापरतो, डॉक्टरांच्या सल्ल्याने साखर कमी करतो, आणि घरातून वजा केलेल्या याच वस्तू पिशवीत भरून शेजाऱ्याच्या घरी पाठवितो. याचा विचार व्हायला हवा.

तीच रक्कम वेगळ्या रीतीने खर्च करता येते. ज्वारी किंवा बाजरी, तूरडाळ, हरभरे, चवळी, शेंगदाणे, अंड्यांसाठी दुकानदाराला आधी पैसे देऊन घेतलेली चिठ्ठी, हंगामातील फळे. आपल्या वाशीला तर यासाठी कोठे दूर जावे लागत नाही. फळबाजारात आणि भाजीबाजारात आपले अनेक बांधव गाळ्यांवर व्यापार करतात. एखाद्या व्यापाऱ्याने आठवड्याला केळ्यांच्या किंवा पेरूच्या काही पेट्या मकतबाच्या मुलांसाठी बाजूला काढल्या तर तो सदका त्याला जड जाणार नाही. मात्र उरलेला, डागाळलेला माल त्यासाठी काढू नये. 267 वी आयत येथेही लागू आहे.

इफ्तारची गोष्टही अशीच. प्रेषित (स.) ताज्या खजुरांनी रोजा सोडत, त्या नसल्यास सुक्या खजुरांनी, आणि त्याही नसल्यास पाण्याच्या काही घोटांनी. आपल्या इफ्तारच्या ताटात समोसे, भजी आणि गडद रंगाचे सरबत यांनी खजुराला कोपऱ्यात ढकलले आहे. 300 मिलिलिटर कोलामध्ये 30 ग्रॅमहून अधिक साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून मिसळलेली साखर मोठ्या माणसाच्याही पोटात दिवसाला सुमारे 25 ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक हितकर. म्हणजे एका बाटलीतच मुलाचा दिवसाचा हिशेब संपतो. मस्जिदीत इफ्तारला भिजवलेले हरभरे, फळे, ताक आणि खजूर ठेवले तर सुन्नतही जवळ येईल आणि खर्चही फार वाढणार नाही.

एक इशारा अत्यावश्यक आहे. सूरह अल-बकरहच्या 264 व्या आयतीत उपकार बोलून दाखविणे आणि मन दुखविणे या दोन गोष्टींनी सदका वाया जातो असे सांगितले आहे. मदत देताना ‘एवढा खातो, तरी शिधा लागतो का?’ असे एखादा पदाधिकारी बोलला, तर ती पिशवी भरलेली जाईल, पण त्याचा कर्मलेख रिकामा राहील. स्थूल मुलांचे वेगळे शिबीर भरवून, त्यांना रांगेत उभे करून, त्यांची छायाचित्रे काढणे हेही मन दुखविणेच आहे. जे करायचे ते सर्व मुलांसाठी करावे. ज्याला अधिक गरज आहे त्याला त्यातूनच लाभ मिळेल.

घरातील न्याय

नोअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एका मुलालाच भेट दिली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना मुलांमध्ये न्याय करण्याची आज्ञा दिली. हा न्याय जेवणाच्या सुफऱ्यावरही हवा. बारीक भावाला समोसा आणि जाड भावाला डोळे वटारणे, हा अन्याय आहे. असे मूल मग लपून खाते, आणि लपून खाल्लेले अन्न शरीराला व मनाला दोघांनाही लागते. बदल करायचा तर साऱ्या घराच्या ताटात करावा. शीतपेय घरात आणायचे नाही तर कोणासाठीच आणू नये.

पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि एक तृतीयांश श्वासासाठी, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांना ठाऊक आहे. ती मोठ्यांनी स्वतःच्या ताटावर आधी लागू करावी. मुलाला उपाशी ठेवण्यासाठी तिचा वापर करू नये. वाढत्या वयाच्या मुलाला अन्नाची गरज असते. अनेकदा डॉक्टरांचे ध्येय वजन घटविण्यापेक्षा ते स्थिर ठेवण्याचे असते, म्हणजे उंची वाढेल तसे शरीर प्रमाणात येते. त्याचप्रमाणे नाबालिग मुलावर रोजा फर्ज नाही. वजन उतरावे म्हणून त्याच्याकडून रोजे धरवून घेणे हा ना दीन आहे, ना उपचार.

मुलींच्या बाबतीत आपली जीभ अधिक कठोर होते. ‘हिचे लग्न कसे होणार?’ हे वाक्य दहाव्या वर्षापासून तिच्या कानी पडते आणि त्याच वयात तिचे खेळणे बंद केले जाते. हालचाल थांबवायची आणि वजनाबद्दल बोलायचे, हा कोणता न्याय? पडदा पाळूनही मुलींना चालता, धावता, दोरीवरून उड्या मारता येतात. त्यासाठी जागा आणि वेळ राखून ठेवणे हे मोठ्यांचे काम आहे.

जमातीने काय करावे?

पहिले काम जागेचे आणि वेळेचे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला साठ मिनिटे अंगमेहनत होईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाशीत सागर विहार आहे, मिनी सी-शोर आहे, सेक्टरांत उद्याने आहेत. गरीब मुलांना तेथे पोहोचविणारा मोठा माणूस तेवढा नाही. फजरच्या नमाजनंतर रविवारी चार तरुणांनी वीस मुलांना सुरक्षितपणे रस्ता ओलांडून नेले आणि तासभर खेळवून परत आणले, तर तो सदकाच आहे. एका आईचा तेवढा वेळ आणि तेवढी भीती त्यांनी स्वतःवर घेतलेली असते. मस्जिदीचे किंवा मदरशाचे अंगण असर आणि मगरिबच्या दरम्यान मुलांना मोकळे करावे. आठवड्यातील ठरावीक दिवस मुलींसाठी असावेत आणि तेथे महिलांनी लक्ष द्यावे.

दुसरे काम मकतबाच्या दाराशी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली आहे. आपण आपल्या मकतबालाही हीच शिस्त लावून घ्यावी. पण तेथे गाडी लावणाराही आपलाच गरीब भाऊ आहे. त्याला हाकलून देऊन आपण एका घरातली चूल विझवू. त्याऐवजी त्याला उकडलेले हरभरे, मक्याचे कणीस, चिरलेला पेरू विकण्यासाठी पहिल्या महिन्याचे भांडवल कर्जे-हसना म्हणून द्यावे. मुलांचा लाभ आणि त्याची रोजी, दोन्ही सांभाळता येतील.

तिसरे काम दवाखान्याच्या वाटेवर सोबत करण्याचे. काही खुणा प्रत्येक उस्तादाला आणि आईला ठाऊक असाव्यात. मूल झोपेत मोठ्याने घोरते, मध्येच श्वास अडकतो आणि दिवसा पेंगते. गुडघा किंवा खुबा दुखतो, लंगडते. सारखी तहान लागते, वारंवार लघवीला जाते. मानेवर आणि काखेत काळपट, जाडसर पट्टा दिसतो. या शेवटच्या खुणेला अनेक घरांत मळ समजले जाते. आई दगडाने ती मान घासते, उस्ताद ‘नीट अंघोळ कर’ म्हणून रागावतो. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचे काम बिघडू लागल्याची ती सूचना असू शकते. अशा मुलाला महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा वाशीच्या सार्वजनिक रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी राहू नये याची काळजी घ्यावी. अनेक मातांना केसपेपर काढणे, खिडकी शोधणे, पुन्हा तारीख घेणे यांचीच धास्ती असते, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. जमातीतील एखाद्या शिकलेल्या भगिनीने सोबत जावे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई गुपचूप करावी.

येथे जकातविषयी प्रश्न येतो. कुटुंब जकातस पात्र असेल तर तपासण्या, औषधे आणि आहार यांसाठीची रक्कम त्यांच्या हाती सोपवून त्यांना तिचे मालक करावे. अंगणाची दुरुस्ती, खेळाचे साहित्य, सर्वांची इफ्तार यांसाठी जकातची रक्कम वापरू नये. त्यासाठी नफिल सदका आणि इमदादचा निधी आहे. तपशिलासाठी प्रत्येकाने आपल्या मसलकच्या मुफ्तींना विचारून घ्यावे.

चौथे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण आहे, ते जिभेचे. पुढच्या जुम्आपासून आपल्या मोहल्ल्यात कोणत्याही मुलाला त्याच्या शरीरावरून हाक मारली जाणार नाही, असा निश्चय विश्वस्तांनी, उस्तादांनी आणि पालकांनी करावा. नाव ठेवणे हा मुलाचा हक्क आहे आणि चांगल्या नावाने हाक मारणे हा त्या हक्काचाच भाग आहे. ज्या मुलाचे नाव आईबापांनी अब्दुल्लाह ठेवले, त्याला अब्दुल्लाह म्हणूनच बोलवावे.

प्रेषितांनी (स.) अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना सांगितले होते की, तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे. मोठा माणूस हा हक्क स्वतः अदा करू शकतो. लहान मूल करू शकत नाही. त्याचे ताट दुसरे वाढतात, त्याची झोप दुसऱ्यांच्या कामावर अवलंबून असते, त्याच्या खेळाची जागा दुसरे ठरवितात. म्हणून त्याच्या शरीराचा हक्क त्याच्या आईबापांवर येतो, आणि आईबाप थकलेले असतील तर तो शेजाऱ्यांवर आणि जमातीवर येतो. रस्सा शिजविताना पाणी थोडे अधिक घालून शेजाऱ्याची आठवण ठेवण्यास अबू जर (रजि.) यांना सांगण्यात आले होते. त्या शेजाऱ्याच्या दारात उभे असलेले मूल बारीक आहे की जाड, अशी अट त्या आज्ञेत घातलेली नाही.

हे अल्लाह, आमच्या मुलांना निरोगी शरीर, स्वच्छ मन आणि हलाल व पाक अन्न दे. आमच्या जिभा त्यांच्या इजेपासून रोख. जे तू आम्हाला दिलेस त्यातील चांगले ते तुझ्या मार्गात देण्याची तौफीक दे. ज्या माता आपल्या मुलांच्या काळजीने झुरत आहेत, त्यांना आमच्या हातून आधार मिळू दे. आमीन.